नेमाचा पंचनामा

१९५४ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या गावी विली मॉस्कोनी या नामांकित खेळाडूने पूलच्या टेबलावर, एकदाही न चुकता, लागोपाठ ५२६ चेंडू पॉकेटांत उतरवले, तेव्हा त्या पराक्रमाचा पुरावा म्हणून मागे राहिले ते तीसहून अधिक प्रेक्षकांच्या सह्यांनिशी केलेले एक प्रतिज्ञापत्र. पुढे २०१९ साली जॉन श्मिट या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूने कॅलिफोर्नियात सलग ६२६ चेंडू मारून तो आकडा ओलांडला, त्या वेळी सह्या गोळा करण्याची तजवीज कोणाला करावी लागली नाही. सारा खेळ कॅमेऱ्याने टिपून ठेवला होता आणि ती चित्रफीत तपासूनच उच्चांकावर शिक्कामोर्तब झाले. परंतु या दोन्ही प्रसंगी साक्षीदाराला विचारलेला प्रश्न एकच व अगदी सोपा होता: चेंडू पॉकेटात गेला की नाही? त्याहून कितीतरी अवघड असा प्रश्न अलीकडे कॅमेऱ्यापुढे ठेवण्यात येऊ लागला आहे, आणि तो असा की, खेळाडूने नेम धरला तो नेमका कोठे, फटका मारला तो त्या नेमाबरहुकूम की त्याला बगल देऊन, आणि शेवटी चेंडू गेला तो निव्वळ भूमितीच्या आज्ञेने की घर्षणाच्या मर्जीने. नेम धरण्याच्या निरनिराळ्या पद्धतींमध्ये श्रेष्ठ कोणती, हा पूलच्या जगातला जुना आणि कडवट वाद या प्रश्नाच्या उत्तरावाचून मिटणारा नाही.

स्पर्धांत वापरले जाणारे पूलचे नऊ फुटी टेबल म्हणजे आतल्या बाजूने २५४ सेंटिमीटर लांब व १२७ सेंटिमीटर रुंद असे कापडाने मढवलेले मैदान. त्याच्या चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशी सहा पॉकेटे, आणि प्रत्येक चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. क्यूने, म्हणजे हातातल्या लांब काठीने, मारायचा तो फक्त पांढरा चेंडू. त्याने जाऊन रंगीत चेंडूवर आदळावे आणि त्या आघाताने रंगीत चेंडूने पॉकेटाची वाट धरावी, एवढाच या खेळाचा गाभा. ज्याने कॅरम खेळला आहे त्याला स्ट्रायकरने सोंगटीला 'कट' देणे म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. मात्र सोंगटी चपटी असल्यामुळे ती पावडरीवरून नुसती घसरते, तर पूलचा चेंडू घसरतो, लोळतो आणि स्वतःभोवती गिरक्याही घेतो. ज्या रेषेवर पांढरा चेंडू पाठवावयाचा ती रेषा टेबलावर कोणी आखून ठेवलेली नसते. ती खेळाडूने आपल्या नजरेने निर्माण करावी लागते, आणि ती निर्माण करण्याच्या रीतीलाच नेमाची पद्धत असे म्हणतात.

अशा पद्धतींपैकी सर्वांत प्रचलित ती 'घोस्ट बॉल'ची. रंगीत चेंडूच्या मध्यातून पॉकेटापर्यंत एक रेषा कल्पावी, ती पाठीमागे वाढवावी, आणि त्या वाढवलेल्या रेषेवर, रंगीत चेंडूला टेकून, एक अदृश्य चेंडू ठेवला आहे असे मानावे. पांढऱ्या चेंडूचा मध्य त्या अदृश्य चेंडूच्या मध्यावर नेऊन पोचवला की काम झाले. दुसरी पद्धत अंशांची: पांढरा चेंडू रंगीत चेंडूला किती झाकतो, पाऊण, अर्धा की पाव, एवढेच नजरेने ठरवावयाचे. यातले गणित शाळकरी त्रिकोणमितीचे आहे. पाऊण चेंडू झाकला तर रंगीत चेंडू मूळ दिशेपासून साडेचौदा अंशांनी वळतो, अर्धा झाकला तर ३० अंशांनी आणि पाव झाकला तर सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंशांनी. इंग्लिश बिलियर्डमध्ये 'हाफ-बॉल'चा फटका हा शिक्षणाचा पायाच मानला जात असे, आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, ज्यांनी १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड अजिंक्यपद मिळवून वैयक्तिक खेळात भारताचा पहिला जगज्जेता होण्याचा मान पटकावला, त्यांची सारी पिढी याच अर्ध्या चेंडूच्या तालमीत वाढली. तिसरी पद्धत त्या मानाने अलीकडची व अधिक वादग्रस्त. हॅल हूल या अमेरिकन शिक्षकाने तिचा पुरस्कार केला आणि स्टॅन शफेट यांनी तिला पुढे व्यवस्थित रूप दिले. 'सेंटर टु एज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत पांढऱ्या चेंडूच्या मध्यापासून रंगीत चेंडूच्या कडेपर्यंत एक दृष्टिरेषा धरावयाची, तिच्या जोडीला दुसरी एक रेषा चेंडूच्या ठरावीक भागावर लावावयाची, आणि मग क्यू किंचित बाजूला धरून मध्याकडे वळवावयाची. पॉकेटाकडे फारसे न पाहताही योग्य रेषा सापडते, असे तिचे अनुयायी सांगतात. विरोधक म्हणतात की, सापडते ती सवयीने, आणि श्रेय मात्र पद्धतीच्या खाती जमा होते.

या वादात आजवर जो पुरावा पुढे येत गेला, तो बव्हंशी जबानीच्या स्वरूपाचा आहे. अमुक पद्धत धरल्यापासून माझा खेळ पालटला, असे एखादा नावाजलेला खेळाडू मनापासून सांगतो, आणि त्याच्या शब्दाला वजन असल्यामुळे ऐकणारा ते प्रमाण मानतो. शेजारच्या स्नूकरमधला दाखला घ्यावयाचा, तर २०१८ साली मार्क विल्यम्स याने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिसऱ्यांदा जागतिक अजिंक्यपद पटकावले, तेव्हा 'साइटराइट' नावाच्या, उभे राहण्याची जागा व नजर जुळवून घेण्याच्या शिकवणीला त्याने उघडपणे श्रेय दिले होते. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्याच काळात त्याने किती सराव केला, त्याचा आत्मविश्वास किती वाढला, आणि तीच शिकवणी घेऊनही ज्यांना यश आले नाही असे किती खेळाडू होते, याचा हिशेब एका माणसाच्या कृतज्ञतेतून निघत नाही.

नेमातल्या चुकीला या खेळात किती जबर दंड भरावा लागतो, हे एका उदाहरणाने ध्यानात येईल. पांढरा चेंडू व रंगीत चेंडू यांच्यामध्ये एक मीटर अंतर आहे, रंगीत चेंडूपासून पॉकेटही एक मीटरवर आहे, आणि तिन्ही एका सरळ रेषेत आहेत, असे समजा. खेळाडूची क्यू अंशाच्या केवळ दहाव्या भागाने वाकडी गेली, तर पांढरा चेंडू रंगीत चेंडूपाशी पोचेतो सुमारे पावणेदोन मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. या पावणेदोन मिलिमीटरमुळे स्पर्शबिंदू असा काही बदलतो की, रंगीत चेंडू पावणेदोन अंशांनी भलतीकडे वळतो, आणि पॉकेटापाशी पोचतो तेव्हा तो मार्गापासून तीन सेंटिमीटर ढळलेला असतो. कोपऱ्यातल्या पॉकेटाचे तोंड साधारण ११४ मिलिमीटरचे आणि चेंडू ५७ मिलिमीटरचा. म्हणजे ठोकळ मानाने दोन्ही बाजूंना अठ्ठावीस मिलिमीटरची काय ती सवलत. मूळ चूक सुमारे सतरा पटींनी वाढून बाहेर पडली आणि चेंडू कडेवर आपटून परत आला. चेंडू जर कापून मारावयाचा असेल, तर ही पट आणखी वाढते. पंचेचाळीस अंशांच्या कटाला ती जवळजवळ पंचवीस होते. जेथे अंशाच्या दहाव्या भागाने निकाल फिरतो, तेथे नुसता निकाल पाहून कारण ठरवणे हे कोणाही विचारी माणसाला धाडसाचे वाटेल.

आणि गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. घोस्ट बॉलची भूमिती असे गृहीत धरते की, दोन चेंडूंची टक्कर झाली म्हणजे रंगीत चेंडू त्यांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवरून मुकाट्याने चालू लागतो. चेंडू आरशासारखे गुळगुळीत असते तर तसे झालेही असते. पण टकरीच्या त्या क्षणार्धात पांढऱ्या चेंडूचा पृष्ठभाग रंगीत चेंडूच्या पृष्ठभागावर घासला जातो, आणि त्या घर्षणाने रंगीत चेंडू आपल्या रेषेपासून किंचित पुढच्या बाजूला ओढला जातो. खेळाडू याला 'थ्रो' म्हणतात. अर्ध्या चेंडूचा फटका सावकाश मारला आणि टकरीच्या वेळी पांढरा चेंडू न लोळता नुसता घसरत असला, तर हा थ्रो चार-पाच अंशांपर्यंत जातो. आणि एक मीटरवरच्या पॉकेटापाशी चार अंश म्हणजे सात सेंटिमीटर. याचा अर्थ असा की, अशा फटक्याला जो खेळाडू पुस्तकाप्रमाणे अचूक नेम धरील, त्याचा चेंडू हमखास चुकेल. आणि ज्याचा चेंडू पडला, त्याने, स्वतःला पत्ता नसताना, पुस्तकाने सांगितल्यापेक्षा पातळ कट मारलेला असला पाहिजे. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या नजरेने ही दुरुस्ती आपल्या अंगवळणी पाडून घेतली. त्याला विचाराल तर तो शपथेवर सांगेल की, मी घोस्ट बॉलच्या मध्यावरच मारले. चेंडूंच्या गतीचा गणिती विचार फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस याने १८३५ सालीच एका स्वतंत्र ग्रंथात मांडला होता; परंतु खेळाडूच्या बोलण्यात आणि त्याच्या करण्यात एवढे अंतर पडते, हे डोळ्यांनी दाखवून द्यायला चलच्चित्राचे साधनच हवे होते.

हे काम हौशी व अभ्यासक अशा दोघांनीही केले आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यंत्रशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड अल्सियाटोर यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने घेतलेल्या असंख्य चित्रफितींच्या आधारे थ्रो, फिरकी आणि चेंडूंच्या टकरी यांचे विवेचन 'बिलियर्ड्स डायजेस्ट' या मासिकातून सामान्य खेळाडूंपर्यंत पोचवले. क्यूची चामड्याची टिप चेंडूला चिकटून राहते ती सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग. हे पाहायचे तर सेकंदाला हजारो चित्रे घेणारा कॅमेरा लागतो. परंतु नेमाची परीक्षा करायला एवढ्या सरंजामाची जरुरी नाही. आज कित्येकांच्या खिशातल्या मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते, आणि हातात थोडी चिकाटी असेल तर तेवढ्यावर भागते.

आता एका फटक्याचा पंचनामा करून पाहू. कॅमेरा टेबलाच्या वर, छताला, तोंड खाली करून बसवलेला आहे. अर्ध्या चेंडूच्या फटक्यात पांढरा चेंडू सेकंदाला दोन मीटर वेगाने निघाला, तर साध्या चित्रणात, जेथे सेकंदाला तीसच चित्रे असतात, तो दोन चित्रांच्या मध्ये सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासापेक्षाही अधिक, उडी मारून जातो. २४० चित्रांच्या चित्रणात ही उडी आठ मिलिमीटरवर येते. तरीसुद्धा प्रत्यक्ष टकरीचा क्षण दोन चित्रांच्या मध्येच कोठेतरी हरवतो, आणि म्हणून जाणता निरीक्षक त्या एका चित्राच्या पाठीस लागत नाही. तो टकरीपूर्वीच्या सगळ्या चित्रांतून पांढऱ्या चेंडूचे मध्य टिपतो, त्यांतून एक सरळ रेषा काढतो, आणि स्थिर असलेल्या रंगीत चेंडूच्या मध्यापासून त्या रेषेवर लंब टाकतो. हा लंब, मिलिमीटरमध्ये, म्हणजेच त्या फटक्याचे सारसर्वस्व. तो २८.६ भरला तर फटका अर्ध्या चेंडूचा झाला आणि भूमितीप्रमाणे कोन ३० अंशांचा, तो २९.६ भरला, तर त्या एका मिलिमीटरने कोन ३१ अंशांच्या पुढे गेला. टकरीनंतर रंगीत चेंडू प्रत्यक्षात कोणत्या रेषेने गेला, हेही त्याच रीतीने काढता येते.

अशा मोजणीतून तीन निरनिराळे फरक हाती लागतात, आणि माझ्या मते चित्रफितीची खरी किंमत या तिहींना विलग करण्यात आहे. खेळाडू वाकून स्थिर झाला तेव्हा क्यू कोणत्या दिशेला रोखलेली होती आणि कोणत्या दिशेला रोखायला हवी होती, हा पहिला फरक. तो नेमाचा दोष. रोखलेली क्यू आणि प्रत्यक्ष निघालेला पांढरा चेंडू यांच्या दिशांतला फरक दुसरा. तो फटक्याचा दोष, म्हणजे हात आडवा जाणे, खांदा हलणे, किंवा टिप मध्यावर न लागल्यामुळे चेंडूने उलट बाजूला अंग चोरणे. आणि भूमितीने सांगितलेला कोन व रंगीत चेंडूने घेतलेला कोन यांतला फरक तिसरा. तो दोष कोणाचाच नाही, तो घर्षणाचा हक्काचा वाटा. चेंडू चुकला की खेळाडू स्वाभाविकपणे म्हणतो, माझा नेम चुकला; पण कित्येकदा नेम बरोबर असतो आणि हात दगा देतो, आणि कित्येकदा, हे अधिक गमतीचे, नेम चुकीचा असतो, हात त्याच्या उलट दिशेने चुकतो, आणि दोन चुकांच्या संगनमताने चेंडू बिनबोभाट पॉकेटात जातो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कॅमेरा मात्र दोन्ही चुका टिपून घेतो.

अर्थात कॅमेरा हा साक्षीदार निःपक्षपाती असला तरी त्याच्या दृष्टीतही काही जन्मजात खोटी आहेत, आणि त्यांचा बंदोबस्त केल्यावाचून त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. मोबाईलचे रुंद भिंग चित्राच्या कडांशी सरळ रेषेला बाक आणते. कुशनची, म्हणजे टेबलाच्या काठाच्या गादीची, कड जेथे चित्रात वाकलेली दिसते, तेथे चेंडूची वाटही वाकलेलीच दिसणार. टेबलाच्या कडांवर ठरावीक अंतराने बसवलेल्या खुणा, ज्यांना खेळाडू 'डायमंड' म्हणतात आणि ज्या नऊ फुटी टेबलावर साडेबारा इंचांनी येतात, त्यांच्या साहाय्याने ही विकृती दुरुस्त करता येते. पण तेथेही एक मेख आहे, ती अशी की, या खुणा कडांच्या उंचीवर असतात आणि चेंडूचा मध्य कापडापासून साडेअठ्ठावीस मिलिमीटरवर. कॅमेरा कापडापासून अडीच मीटर उंचीवर असेल, आणि चेंडू त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून एक मीटर दूर असेल, तर एवढ्याशा उंचीमुळे चेंडूचा मध्य कापडावर जवळजवळ बारा मिलिमीटर पलीकडे सरकलेला भासतो. जेथे एका मिलिमीटरने कोन बदलतो, तेथे बारा मिलिमीटरची ही गफलत सारा हिशेब बुडवील. म्हणून मोजमाप बसवायचे ते कडांवरच्या किंवा कापडावरच्या खुणांवरून नव्हे, तर टेबलावर माहीत असलेल्या जागी प्रत्यक्ष चेंडूच ठेवून, त्यांच्या मध्यांवरून. खेळाडूच्या पाठीमागे किंवा बाजूला तिकाटण्यावर मोबाईल लावून घेतलेल्या चित्रफितींवरून 'पाहा, अर्धाच चेंडू झाकला' असे जे निवाडे दिले जातात, त्यांत भिंग खेळाडूच्या डोळ्याच्या जागी नसतेच, तेव्हा त्यांची किंमत बेताचीच समजावी. आपल्याकडच्या क्लबांत आणखी एक अडचण येते: विजेच्या काही दिव्यांचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-अधिक होत असतो, आणि वेगवान चित्रणात तो लुकलुकताना दिसून चेंडूची कड धूसर होते, दिवे त्या दृष्टीने आधी तपासून घ्यावेत. मोजणीसाठी 'ट्रॅकर' व 'किनोव्हिया' यांसारखी संगणकावरची साधने विनामूल्य मिळतात, आणि चेंडू दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून कापडावर कागदाची बारीक कडी चिकटवण्याची युक्ती सराव करणाऱ्या खेळाडूंना ठाऊकच असते.

साधने जमली तरी तुलना न्याय्य होण्यासाठी आकडेमोडीची शिस्त पाळावी लागते. समजा, एका पद्धतीने शंभरांपैकी ७० चेंडू पडले आणि दुसरीने ७६. सामान्य माणूस दुसरी पद्धत निःसंशय श्रेष्ठ ठरवील. परंतु मुळात काहीही फरक नसताना, केवळ योगायोगाने, शंभर-शंभर फटक्यांत सहाचे अंतर पडणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे. सत्तर आणि शहात्तर टक्क्यांतला भेद भरवशाने ओळखायचा तर प्रत्येक पद्धतीचे आठशेहून अधिक फटके मोजावे लागतील, आणि तेवढे मारीपर्यंत थकवा आणि सराव हे दोघेही निकालात आपला हात घालतील. येथेच चित्रफीत कामास येते. पडला आणि न पडला एवढीच नोंद ठेवली, तर पॉकेटाच्या मधोमध गेलेला चेंडू आणि दोन्ही ओठांना घासून कसाबसा आत गेलेला चेंडू यांना सारखेच गुण मिळतात. प्रत्येक फटक्याचे विचलन मिलिमीटरमध्ये मोजले, तर त्याच फटक्यांतून कितीतरी अधिक माहिती निघते. शिवाय दोन गोष्टी स्पष्ट दिसतात: सगळे फटके एकाच बाजूला झुकतात का, आणि ते परस्परांपासून किती विखुरलेले आहेत. नेमाच्या पद्धतीत खोट असेल तर ती मुख्यतः झुकावात दिसते, हाताचा अस्थिरपणा मुख्यतः विखुरण्यात दिसतो. फटक्यांचा क्रम मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि दोन्ही पद्धती आलटून पालटून वापराव्यात, नाहीतर जी पद्धत शेवटी आली तिला सरावाचा फायदा फुकट मिळतो.

एवढी तयारी झाली म्हणजे 'सेंटर टु एज'सारख्या पद्धतीविषयीचा वादही भावनेच्या क्षेत्रातून मोजमापाच्या क्षेत्रात आणता येतो. वर सांगितलेली अठ्ठावीस मिलिमीटरची सवलत एक मीटर अंतरावर दोन्ही बाजूंना सुमारे १.६ अंश इतकी भरते. म्हणजे एका ठरावीक रेषेने फार तर सव्वातीन अंशांचा पट्टा सांभाळता येईल, आणि शून्यापासून साठ अंशांपर्यंतचे सगळे कट मारायला सुमारे एकोणीस वेगवेगळ्या रेषा लागतील. जी पद्धत मोजक्याच दृष्टिरेषांवर उभी आहे, तिला मधल्या जागा भरून काढण्यासाठी दुसऱ्या कशाची तरी मदत घेणे भाग आहे. ही मदत पद्धतीच्या नियमांतूनच मिळते, की खेळाडूच्या अंगी मुरलेल्या सवयीतून, हे पाहण्याची रीत सोपी आहे. पॉकेटे पडद्याआड करावीत, चेंडूंच्या जागा प्रत्येक वेळी अंशा-दोन अंशांनी बदलाव्यात, आणि खेळाडूने केवळ पद्धतीच्या नियमाने रेषा धरून फटका मारावा. मोजलेल्या रेषा कोनागणिक हळूहळू बदलत गेल्या तर पद्धतीचा दावा खरा. त्या मोजक्या पुंजक्यांत गोळा झाल्या तर उरलेले काम सवय करीत होती, हे सिद्ध. असल्या चाचणीला कोणत्याही पद्धतीच्या पुरस्कर्त्याने भिण्याचे कारण नाही. आणि घोस्ट बॉलच्या अभिमान्यांनीही तिला सामोरे जावे, कारण थ्रोची दुरुस्ती त्यांच्याही नियमात कोठे लिहिलेली नाही.

मग या पद्धती निरुपयोगी आहेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूच्या नजरेचा अभ्यास करताना असे दाखवून दिले की, कृतीला प्रारंभ होण्याच्या ऐन आधी कुशल खेळाडूची नजर एका जागी निश्चल होते, आणि नवख्यापेक्षा अधिक वेळ तशीच राहते. बिलियर्डच्या फटक्यांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच आढळले: निष्णात खेळाडूंची ही अखेरची स्थिर दृष्टी नवशिक्यांपेक्षा दीर्घ होती, आणि फटका जितका बिकट तितकी ती आणखी लांबत होती. या दृष्टीने पाहता नेमाच्या प्रत्येक पद्धतीचा एक गुण तिच्या भूमितीपेक्षा वेगळाच असतो. ती खेळाडूला दर वेळी त्याच क्रमाने उभे राहायला, त्याच जागी पाहायला आणि घाई न करायला लावते. ज्याची नजर भिरभिरत असे त्याला कोणतीही शिस्तशीर पद्धत लाभदायकच ठरणार, आणि तो कृतज्ञतेने त्या पद्धतीच्या रेषांचे गुण गाणार. प्रत्यक्षात त्याला तारले ते रेषांनी की शिस्तीने, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा आणि छतावरचा कॅमेरा असे दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले, तर या प्रश्नाचाही निकाल लावता येण्यासारखा आहे.

तेव्हा पूल वा स्नूकर खेळणाऱ्या वाचकाला एवढेच सुचवावेसे वाटते की, नवी पद्धत शिकण्यासाठी पैसे आणि महिने खर्च करण्याआधी त्याने एकच फटका निवडावा, चेंडूंच्या जागा पक्क्या कराव्यात, वरून चित्रण करावे, आणि रोखलेली क्यू, निघालेला पांढरा चेंडू व गेलेला रंगीत चेंडू या तिघांच्या दिशांची वही घालावी. या वहीत चूक ज्या रकान्यात वारंवार पडेल, तेथेच उपाय करावा. नेमाचा रकाना बिघडलेला असेल तर पद्धत जरूर बदलावी. तिसऱ्या रकान्यात फरक दिसत असेल तर कट थोडा पातळ मारण्याची सवय करावी. आणि दोष दुसऱ्या रकान्यात, म्हणजे हातात असेल, तर नेमाची जगातली कोणतीही पद्धत तो दूर करणार नाही, त्यासाठी फटकाच सरळ करावा लागेल.